मों ब्लांची प्रदक्षिणा: उंची मोजून आखायची वाट

आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर मों ब्लां, उंची सुमारे 4,806 मीटर. या शिखरावर पाऊल न ठेवता त्याच्या अख्ख्या रांगेला पायी वळसा घालणारी एक वाट आहे. तिचं नाव तूर द्यू मों ब्लां, ट्रेकर्सच्या बोलण्यात टीएमबी. अंतर सुमारे 170 किलोमीटर, आणि वाटेत फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड असे तीन देश लागतात. जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी 1767 साली या रांगेभोवती फेरी मारली. शिखरावर माणूस पोचला तो त्यानंतर, 1786 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे इथे फेरी आधीची आणि शिखर नंतरचं. रूढ दिशा घड्याळाच्या उलट आहे, त्यामुळे आपल्या प्रदक्षिणेसारखा देव उजव्या हाताला राहत नाही, डोंगर सतत डावीकडे असतो.

सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्या कोणालाही ही वाट जमण्यासारखी आहे. फक्त ती किलोमीटरमध्ये मोजायची नाही. एकूण चढ 10,000 मीटरच्या आसपास आणि उतारही तेवढाच. अकरा दिवसांत वाटून पाहा. बारी गावातून कळसूबाईचं शिखर गाठायला जेवढं चढावं लागतं, जवळपास तेवढं रोज चढायचं, तेवढंच उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. एक दिवस हे कोणीही करतं. सहाव्या दिवशी गुडघे काय म्हणतात, यावर सगळं अवलंबून असतं. पुढची सगळी कृती या एका गोष्टीभोवती रचली आहे.

तारीख आणि मुक्काम

वाट मोकळी असते ती साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये खिंडींच्या उत्तर उतारांवर कडक बर्फ असतो आणि सकाळी तो काचेसारखा निसरडा असतो. बर्फावर चालायची सवय नसेल तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्याआधी जाऊ नये. ऑगस्टचा शेवटचा आठवडाही टाळा, कारण त्या दिवसांत याच वाटेवर यूटीएमबी ही प्रसिद्ध डोंगरधाव असते. ही सगळी फेरी पहिल्या नंबरचे धावपटू वीस तासांच्या आत संपवतात. बघायला मोठं देखणं, पण मुक्कामाला जागा मिळत नाही. माझी पसंती सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला आहे: गर्दी ओसरलेली, हवा स्वच्छ, दिवस मात्र थोडा लहान.

तारीख ठरली की लगेच मुक्काम ठरवा, विमानाचं तिकीट नंतर. डोंगरातल्या निवाऱ्यांना फ्रान्समध्ये रफ्यूज आणि इटलीत रिफ्युजो म्हणतात. पुढच्या उन्हाळ्याचं आरक्षण बरेच जण आदल्या हिवाळ्यातच उघडतात, आणि मोक्याच्या जागा भराभर संपतात. एलिझाबेत्ता, बोनात्ती आणि लाक ब्लां या तीन जागा आधी पाहा. त्या मिळाल्या की बाकीचे दिवस त्यांच्या मागेपुढे बसवता येतात. बोनात्ती भरलेलं असेल तर बेर्तोने किंवा एलेना चालेल, पण मग त्या दोन दिवसांचा चढ-उतार पुन्हा मोजा. एका दिवसात 1,000 मीटरपेक्षा जास्त चढ आणि 1,000 मीटरपेक्षा जास्त उतार असं दोन्ही येत असेल, तर तो दिवस शक्य तिथे तोडा.

आरक्षण करताना 'अर्धा पाहुणचार' घ्या: रात्रीचं जेवण, झोपायची जागा आणि सकाळची न्याहारी. शाकाहारी असाल तर हे तेव्हाच लिहून कळवा, दारात पोचल्यावर सांगून उपयोग नाही, कारण रसद हेलिकॉप्टरने किंवा जीपने मोजून आलेली असते. त्यांच्या शाकाहारात अंडं आणि चीज धरलेलं असतं. अंडं चालत नसेल तर तसं वेगळं लिहा. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र निवाऱ्यांच्या भरवशावर राहू नये. अशांनी शक्य तितके मुक्काम गावात, स्वयंपाकघर असलेल्या जागी ठेवावेत.

तंबू नेण्याचा मोह होतो. नियम मात्र देशागणिक बदलतात. इटलीच्या आओस्ता खोऱ्यात 2,500 मीटरच्या वर आणि तेही रात्रीपुरतं राहता येतं. स्वित्झर्लंडच्या टप्प्यात ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागीच तंबू लावायचा. फ्रान्समध्ये संध्याकाळी लावून सकाळी काढण्याची मुभा बऱ्याच ठिकाणी असली तरी संरक्षित क्षेत्रांत वेगळी बंधनं आहेत. शिवाय तंबू म्हणजे पाठीवर चार-पाच किलो जास्त, आणि ते ओझं उतारावर गुडघ्यांवर येतं. पहिल्या फेरीला तंबू नको.

कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो आणि तिन्ही देशांना तो एकच चालतो. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज करायचा. इथे तो बहुधा फ्रान्सच निघतो, तरी रात्री मोजून खात्री करा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. निवाऱ्यांच्या आरक्षणाच्या पावत्या तारखेच्या क्रमाने लावा आणि वर एक पानाचा तक्ता ठेवा: तारीख, गाव, देश, मुक्कामाचं नाव. अकरा ठिकाणी अकरा रात्री हे बघणाऱ्याला विचित्र वाटू शकतं, तक्त्याने ते एका नजरेत उलगडतं.

व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा विमा लागतोच. त्यात डोंगरातली सुटका, म्हणजे हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च, 3,000 मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगसाठी धरला आहे का, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचून घ्या. विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका सहसा मोफत असते, पण स्वित्झर्लंडमध्ये बिल येतं आणि ते लहान नसतं.

तयारी

तीन महिने द्या. आतकरवाडीतून सिंहगड सगळ्यांना ठाऊक आहे. सुमारे 600 मीटर चढ. आठवड्यातून एकदा, पाठीवर सात-आठ किलो घेऊन, एका सकाळी दोनदा चढा आणि दोन्ही वेळा पायी उतरा. खाली येताना जीप पकडलीत तर सरावातला मुख्य भागच राहिला. मुंबईकरांनी माथेरानच्या किंवा राजमाचीच्या वाटा धराव्यात. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग चाला. कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग यासाठी उत्तम आहे, कारण तिथे सतत चढायचं आणि सतत उतरायचं असतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उताराची सवय सपाटीवर धावून लागत नाही. जिन्याच्या पायऱ्या सावकाश उतरण्याचा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, पण पुढे तोच कामी येतो.

विरळ हवेचा त्रास फारसा होत नाही. वाटेवरची सर्वांत उंच जागा, तीही पर्यायी खिंडी धरल्या तर, 2,665 मीटर आहे.

सॅक

पाण्यासकट आठ किलोच्या आत बसवा. अंगावरचा एक आणि सॅकमधला एक असे झटपट सुकणारे दोन जोड, फ्लीस, हलकं पफ जॅकेट, लोकरी मोजे, कानटोपी आणि हातमोजे. सुती कपडा एकही नको. सह्याद्रीतल्या पावसात भिजून आपण दिवसभर हिंडतो, कारण ते पाणी कोमट असतं. इथे ऑगस्टमध्येही खिंडीत तापमान शून्याजवळ येऊ शकतं आणि वर वारा असतो. भिजलेला सुती टी-शर्ट अंगातली ऊब भराभर ओढून घेतो. म्हणून पावसाळी जॅकेट आणि पावसाळी पँट दोन्ही हवं. पोंचो वाऱ्यात शिडासारखा फुगतो, तो घरी ठेवा.

झोपण्यासाठी स्लीपिंग बॅग लागत नाही, ब्लँकेट तिथे असतं. पण आत घालायची पातळ रेशमी खोळ, म्हणजे लायनर, लागतोच. कानात घालायचे बोळे विसरू नका, डॉर्मिटरीत वीस माणसं झोपतात. ट्रेकिंग पोल दोन हवेत, ते चेक-इन बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच. आपला गोल तीन पिनांचा प्लग कुठेच बसत नाही आणि स्वित्झर्लंडचं सॉकेट फ्रान्सपेक्षाही वेगळं आहे. दोन गोल पिनांचा चपटा युरोपी चार्जर तिन्ही देशांत चालतो.

खाऊ नेताना एक नियम लक्षात ठेवा: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, खवा, साजूक तुपातले लाडू, तुपाची बाटली, सगळं घरीच. शेंगदाण्याची चिक्की, खाकरे, शेंगदाण्याची कोरडी चटणी, मेतकूट हे बिनदिक्कत न्या. निवाऱ्यात सकाळी ब्रेड, लोणी, जॅम आणि कॉफी एवढंच मिळतं. त्यावर चार तास चढायचं असतं, तेव्हा खिशातली चिक्की मोलाची ठरते. चटणी ब्रेडला लावून आणि वर त्यांचं चीज घालून जे तयार होतं, ते मी खिंडीत बसून मोठ्या आनंदाने खाल्लं आहे.

रोजची शिस्त

सहाला उठा, सातच्या आसपास निघा आणि दिवसाची मोठी खिंड दुपारी बाराच्या आत ओलांडा. उन्हाळ्यात या रांगेत वीज-वादळं बहुधा दुपारनंतर येतात. सकाळी निरभ्र असलेल्या आभाळात दहाच्या सुमारास ढग फुलकोबीसारखे वर वाढू लागले, तर विश्रांती कमी करा. गडगडाट ऐकू आला की धारेवरून आणि खिंडीतून खाली उतरायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, पोल आणि धातूचं सामान बाजूला ठेवायचं आणि सॅकवर उकिडवं बसायचं. लोखंडी शिड्या आणि साखळ्यांपासून लांब. आदल्या संध्याकाळी निवाऱ्याच्या भिंतीवर हवामानाचा अंदाज लावलेला असतो. तो कळला नाही तर व्यवस्थापकांना विचारा. ते रोज ती वाट बघतात आणि 'उद्या जाऊ नका' म्हणाले तर त्यांचं ऐकावं.

चढावर वेग असा ठेवा की बोलता येईल. उतारावर पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, पोल थोडे लांब करून पुढे. टाच आपटून उतरू नका. पायात कुठे गरम वाटलं की त्याच मिनिटाला थांबून बूट काढा आणि तिथे टेप लावा. फोड आल्यावर लावलेली पट्टी चार दिवसांचं दुखणं टाळत नाही.

वाटेच्या खुणा चांगल्या आहेत. फ्रान्समध्ये दगडांवर-झाडांवर पांढरा-लाल पट्टा, इटलीत पिवळ्या खुणा, स्वित्झर्लंडमध्ये पिवळ्या पाट्या. स्विस पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती न थांबता चालण्याची वेळ असते. आपण तिच्यात निदान तिसरा हिस्सा मिळवावा. नकाशा फोनमध्ये उतरवून घ्याच, खिंडीत धुकं आलं की पुढची खूण दिसत नाही.

कुरणांत मेंढ्यांचे कळप असतात आणि त्यांच्यात मोठे पांढरे राखणदार कुत्रे. कुत्रा भुंकत आला तर पळू नका, पोल उगारू नका, त्याच्या डोळ्यांत बघू नका. थांबा, शांतपणे बोला, त्याला वास घेऊ द्या आणि कळपाला लांबून वळसा घाला. वाटेतलं विजेच्या तारेचं फाटक उघडलंत तर मागे लावा.

निवाऱ्यात पाचच्या आत पोचा. बूट आणि पोल दारातल्या खोलीत, आत तिथल्या सपाता. आंघोळीसाठी बऱ्याच ठिकाणी टोकन मिळतं आणि गरम पाणी मोजकीच मिनिटं येतं, म्हणून साबण आधी लावून तयार राहा. जेवण सातला, सगळ्यांना एकत्र. रात्री दहानंतर दिवे बंद. सकाळची सॅक झोपण्याआधी भरून ठेवा. पहाटे प्लास्टिकच्या पिशव्यांची खुळखुळ करणाऱ्या माणसावर सगळी डॉर्मिटरी मनातल्या मनात चिडलेली असते. पैसे रोख जवळ ठेवा, कारण वर कार्डाचं यंत्र नेटवर्कच्या लहरीवर चालतं. स्विस निवारे युरो सहसा घेतात, सुट्टे मात्र फ्रँकमध्ये देतात.

टप्पे

जिनिव्हा विमानतळावरून बसने शामोनी साधारण दीड तास. एक रात्र तिथे काढा, मग खोऱ्यातल्या रेल्वेने किंवा बसने लेझूशला या.

पहिला दिवस लेझूश ते ले कोंतामीन, वोझाच्या खिंडीवरून (1,653 मीटर). पर्यायी वाट त्रिकोच्या खिंडीची आणि बियोनासे हिमनदीखालच्या झुलत्या पुलाची आहे. देखणी खरी, पण पहिल्याच दिवशी पाय संपवू नका. दुसरा दिवस खरा कस पाहतो: 1,160 मीटरवरून बोनोमच्या दोन खिंडी चढत जवळजवळ 2,480 मीटरपर्यंत. या दिवशी खाली ले शापियूपर्यंत उतरू नका, क्रुआ द्यू बोनोमच्या निवाऱ्यातच थांबा. 900 मीटरचा उतार ताज्या पायांवर ढकलला जातो.

तिसऱ्या दिवशी ले शापियूला उतरून सेन्यची खिंड (सुमारे 2,516 मीटर). इथे फ्रान्स संपतो. खिंडीत ना चौकी ना शिपाई, पण पासपोर्ट जवळ असू द्या. पलीकडे वेनी खोरं एकदम उघडतं आणि मों ब्लांची इटालियन बाजू समोर येते: फ्रान्सकडून गोल, बर्फाळ घुमट दिसणारा डोंगर इकडून काळ्या कड्यांचा आणि तुटक्या हिमनद्यांचा आहे. मुक्काम एलिझाबेत्ता.

चौथा दिवस कूरमायर. चढ थोडा, पण शेक्रुईच्या खिंडीपासून गावापर्यंतचा शेवटचा उतार सरळ खाली कोसळतो. झाडांच्या मुळांची, धुळीची 700 मीटरची घसरण. उन्हाळ्यात तिथून केबलकार चालू असेल तर खुशाल बसा. गुडघे जरा जरी कुरकुरत असतील तर यात कमीपणा मानू नका, पुढे सात दिवस आहेत. एक पूर्ण विश्रांतीचा दिवस घालायचा असेल तर तो इथे.

पाचवा दिवस मला सगळ्या वाटेत सर्वांत प्रिय. बेर्तोनेपर्यंत 750 मीटर दमदार चढ, मग बोनात्तीपर्यंत डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी सपाट वाट, आणि डावीकडे सतत ग्रांद जोरासची भिंत. आभाळ स्वच्छ असेल तर वरच्या साक्सच्या धारेने जा. निवाऱ्याचं नाव वॉल्टर बोनात्ती या थोर इटालियन गिर्यारोहकाचं. सहाव्या दिवशी ग्रां कोल फेरे (2,537 मीटर) ओलांडून स्वित्झर्लंड आणि ला फुली. सातवा दिवस शांपेच्या तळ्यापर्यंत, सोपा, गावांगावांतून. आठव्या दिवशी दोन वाटा: बोव्हीनची कुरणांमधली किंवा आर्पेतच्या खिडकीची, 2,665 मीटरची. आर्पेतला मोठमोठ्या दगडांच्या राशीतून चढून पलीकडे तीव्र घसाऱ्यावरून 1,300 मीटरपेक्षा जास्त उतरावं लागतं. पाऊस किंवा धुकं असेल तर बोव्हीनच. नववा दिवस त्रियांहून बाल्मच्या खिंडीतून परत फ्रान्समध्ये, त्रे-ल-शांला.

दहाव्या दिवशी कड्यावरच्या लोखंडी शिड्या येतात. ज्यांनी हरिश्चंद्रगडाची नळीची वाट किंवा अलंग-मदन केलं आहे त्यांना काही वाटणार नाही. उंचीची भीती असेल तर मोंतेच्या खिंडीवरून शिड्या टाळून वर जाता येतं. लाक ब्लांपर्यंत जरूर चढा, समोर अख्खी रांग एका नजरेत असते. अकराव्या दिवशी ब्रेव्हांवरून (2,525 मीटर) लेझूशपर्यंत 1,500 मीटर उतार, सगळ्या फेरीतला सर्वांत लांब. त्या दिवसाची घाई करू नका आणि संध्याकाळची बस मनात धरून निघू नका.

मध्येच सोडावं लागलं तर

आजारपण, सुजलेला गुडघा, तीन दिवसांचा पाऊस, काहीही होऊ शकतं. प्रत्येक टप्प्याची सुटकेची वाट आधीच लिहून ठेवा. कूरमायरहून शामोनीला बोगद्यातून बस तासाभरात नेते. हा 11.6 किलोमीटरचा बोगदा अलीकडच्या काही वर्षांत शरद ऋतूत दुरुस्तीसाठी बंद राहिला आहे, म्हणून सप्टेंबरमध्ये निघणाऱ्यांनी ते तपासावं. ला फुलीहून बस ओर्सिएरला, तिथून रेल्वे मार्तिन्यीला. एखादा टप्पा बसने ओलांडून पुढच्या निवाऱ्यात ठरलेल्या रात्री पोचणं हा सर्वांत चांगला उपाय. येणार नसाल तर त्या निवाऱ्याला फोन करून कळवा. नाहीतर तुम्ही वाटेत अडकलात असं समजून शोध सुरू होऊ शकतो.

अपघातात तिन्ही देशांत 112, आणि स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात 144. फोन लागत नसेल तर मिनिटात सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. हेलिकॉप्टर दिसलं आणि मदत हवी असेल तर उभं राहून दोन्ही हात तिरके वर करा. मदत नको असेल तर एक हात वर, एक खाली. उत्साहाने हात हलवू नका, वैमानिक त्याचा अर्थ लावायला थांबेल.

परतीचं विमान फेरी संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं घेऊ नका. मधे एक मोकळा दिवस ठेवा. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर तो शामोनीत पाय पसरून काढता येतो, नाही झालं तर मागे पडलेला टप्पा भरून काढायला तोच उपयोगी पडतो.